उसन्या औषधांचा हिशेब

हाडाच्या कर्करोगावर जगभर आज जी तीन औषधं प्रामुख्यानं दिली जातात, त्यांतलं एकही हाडाच्या कर्करोगासाठी शोधलेलं नाही. मेथोट्रेक्सेट आलं लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाकडून. त्याचं आधीचं भावंड अमिनोप्टेरिन. ते लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटानं तयार केलं आणि बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमियाच्या मुलांना देऊन आपले निष्कर्ष १९४८ साली छापले. आंध्रातल्या भीमावरमचे सुब्बाराव त्याच वर्षी गेले. आपल्या हातच्या रेणूंपैकी एक पुढं हाडापर्यंत पोचेल, अशी कल्पना त्यांनी करण्याचं काही कारण नव्हतं. दुसरं औषध डॉक्सोरुबिसिन. इटलीत कास्तेल देल मोन्ते नावाचा तेराव्या शतकातला किल्ला आहे. त्याच्या आसपासच्या मातीत सापडलेल्या जिवाणूच्या एका बदललेल्या वाणानं ते दिलं. तिसऱ्याची गोष्ट तर निव्वळ योगायोगाची. मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू दुभंगायचे थांबले आणि धाग्यांसारखे लांबच लांब वाढू लागले. कारण शोधता शोधता कळलं की हा विजेचा प्रताप नाही, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगाचा आहे. ते संयुग १८४५ पासून रसायनशास्त्राच्या पुस्तकांत पडून होतं. रोझेनबर्ग यांचा शोधनिबंध १९६५ चा, आणि सिस्प्लॅटिन म्हणून अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली १९७८ साली, तीही वृषणाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी.

असलेल्या औषधाचा नवा उपयोग शोधणं, हा या पुस्तकाचा विषय. तो आजकाल फार नवा आणि झगमगीत म्हणून मांडला जातो, त्यात संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची भर घातली की आणखीच. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं: हाडाच्या कर्करोगाच्या बाबतीत उसनवारी हाच मुख्य रस्ता राहिला आहे. उसनं घेतलेलं औषध इथं खरंच लागू पडतं का, हे तपासण्याची शिस्त आणि त्या तपासणीला लागणारा पैसा या दोन गोष्टींची मात्र सतत चणचण राहिली. पुढच्या प्रकरणांत वेगवेगळ्या औषधांची हकिगत येईल; ती वाचताना या दोन गोष्टींवर नजर असावी, एवढ्यासाठी ही लांबलेली प्रस्तावना.

आधी रोगाबद्दल. आपल्याकडं बोलताना ‘हाडाचा कॅन्सर’ म्हणतात तो बऱ्याचदा स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग पसरून हाडात गेलेला असतो. त्याचं उपचारशास्त्र वेगळं. या पुस्तकात अभिप्रेत आहे तो हाडातच उगवणारा, आणि त्यातही मुख्यतः ऑस्टिओसार्कोमा. तो दुर्मीळ आहे, पण त्यानं गाठायचं वय मोठं क्रूर निवडलं आहे. मुलं-मुली झपाट्यानं उंच होतात त्या दहा ते वीस या वयात तो सर्वाधिक आढळतो, आणि हाडं सर्वांत वेगानं वाढतात तिथं, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, नडगीच्या वरच्या टोकाला आणि दंडाच्या हाडात खांद्यापाशी. कबड्डी-क्रिकेट खेळणाऱ्या मुलाचा गुडघा दुखला तर ‘मुका मार लागला असेल’ असं म्हणून कोणीही आई तेल लावून शेक देईल. त्यात तिचं काही चुकत नाही. शंभरातल्या नव्याण्णवांहून जास्त मुलांना खरोखर मुका मारच लागलेला असतो. उरलेल्या एखाद्याच्या बाबतीत मालीश आणि हाडवैद्य यांत गेलेले आठवडे महाग पडतात, कारण या रोगाची धाव फुप्फुसांकडं असते.

१९७० पूर्वी उपचार म्हणजे पाय कापणं. पाय जायचा, आणि तरीही दहांतल्या आठ मुलांच्या फुप्फुसांत पुढच्या महिन्यांत गाठी उगवायच्या, कारण पाय कापण्याच्या दिवशीच रोगाच्या पेशी तिथं जाऊन बसलेल्या असत. त्या काळच्या एक्स-रेमध्ये दिसत नसत एवढंच. नोव्हेंबर १९७३ मध्ये अमेरिकी सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या बारा वर्षांच्या मुलाचा पाय हाडाच्या कर्करोगापायी कापावा लागला. नंतर बोस्टनमध्ये त्याला मेथोट्रेक्सेट देण्यात आलं. त्याच शहरात नॉर्मन जाफी आणि एमिल फ्राय या औषधाच्या प्रचंड मात्रा देऊन पाहत होते. त्यांचा निबंध १९७४ साली आला. केनेडींचा तो मुलगा मोठा होऊन राजकारणात गेला.

‘प्रचंड मात्रा’ म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं. उसनवारीचं सारं मर्म त्यात आहे. संधिवातासाठी आज आपल्याकडं हजारो लोक मेथोट्रेक्सेटची गोळी घेतात: आठवड्यातून एकदा, १५ मिलिग्रॅमच्या आसपास. ऑस्टिओसार्कोमाच्या मुलाला एका वेळी शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागं १२ ग्रॅम दिलं जातं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ते १८ ग्रॅमच्या घरात जातं, म्हणजे संधिवाताच्या मात्रेच्या हजारपटीहून जास्त. एवढं औषध तसंच शरीरात राहू दिलं तर माणूस मरेल. म्हणून आधी सलाइन आणि सोडा देऊन लघवी अल्कधर्मी ठेवायची, चोवीस तासांनी ल्युकोव्होरिन नावाचा उतारा सुरू करायचा, आणि रक्तातलं औषध सुरक्षित पातळीखाली उतरेपर्यंत ती पातळी पुन्हा पुन्हा मोजत राहायची. औषध तेच, मात्रा आणि राखण बदलली की रोगही बदलतो. ‘ही तर जुनी, सुरक्षित गोळी आहे’ हे वाक्य या क्षेत्रात सर्वांत फसवं आहे. सुरक्षितता जुन्या मात्रेची असते.

पुढं काय झालं तेही बोधक आहे. केमोथेरपीनं मुलं वाचू लागली असं डॉक्टर सांगत होते, पण काही नामवंत केंद्रांतून शंका निघाली की मुलं वाचताहेत ती शस्त्रक्रिया आणि निदान सुधारल्यामुळं, केमोचं श्रेय फुकटचं आहे. वाद मिटवायला चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी करावी लागली. मायकेल लिंक आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली तिचे निष्कर्ष दिले: फक्त ३६ रुग्ण, अर्ध्यांना शस्त्रक्रियेनंतर लगेच केमो आणि अर्ध्यांवर नुसती देखरेख. दोन वर्षांनी रोग न उलटलेल्यांचं प्रमाण केमो घेतलेल्यांत ६६ टक्के होतं आणि न घेतलेल्यांत १७ टक्के. एवढा ढळढळीत फरक असतानाही दहा वर्षं वाद चालू शकतो, तर थोडा फरक करणाऱ्या औषधाबद्दल ‘आमच्या अनुभवात बरं वाटतं’ या विधानाला काय किंमत द्यायची, ते वाचकानं ठरवावं.

आणि इथंच गाडी थांबली. रोग एका जागी असेल तर आज साठ ते सत्तर टक्के रुग्ण पाच वर्षांपलीकडं जातात, आणि फुप्फुसात पसरलेला किंवा उलटलेला असेल तर वीस ते तीस टक्के. हे आकडे १९८० च्या दशकाच्या अखेरीस जवळपास असेच होते. दरम्यान पाय वाचवायच्या शस्त्रक्रिया कितीतरी पुढं गेल्या. हाडाचा तुकडा काढून आत धातूचा सांधा बसवतात, मुलं चालतात, कॉलेजात जातात. औषधं मात्र तीच. सतरा देशांनी मिळून २००५ ते २०११ या काळात युरॅमॉस-१ ही चाचणी केली, २,२६० रुग्ण घेतले. या रोगासाठी ही संख्या अवाढव्य आहे. ज्यांच्या गाठीवर सुरुवातीच्या केमोचा नीट परिणाम झाला नव्हता त्यांना आणखी दोन औषधं वाढवून दिली. त्रास वाढला, आयुष्य वाढलं नाही. ज्यांच्यात चांगला परिणाम झाला होता त्यांना इंटरफेरॉन जोडून पाहिलं. त्यानंही काही हाती लागलं नाही.

इतर कर्करोगांत गेल्या पंचवीस वर्षांत नेमकं एखादं जनुक हेरून त्यावर बाण सोडणारी औषधं आली. मग इथं का नाहीत? कारण ऑस्टिओसार्कोमाच्या पेशीत असा एक ठरावीक बिघाड सापडतच नाही. एखाद्या पोथीची पानं टराटरा फाडून हाताला येतील तशी पुन्हा शिवावीत, तशी तिच्या गुणसूत्रांची अवस्था असते. टीपी-५३ आणि आरबी-१ ही राखणदार जनुकं बहुधा निकामी झालेली असतात, आणि नसलेल्या गोष्टीला अडवणारं औषध बनवता येत नाही. त्यात रुग्ण थोडे, बहुतेक मुलं, आणि देशोदेशी विखुरलेले. नवं औषध मुळापासून बनवायला लागणारा पैसा एवढ्या छोट्या बाजारात कोणती कंपनी ओतेल? म्हणून पुन्हा पुन्हा नजर जाते ती दुकानात आधीच असलेल्या औषधांकडं.

झोलेड्रॉनिक ॲसिडची हकिगत मला या साऱ्या क्षेत्राचा सारांश वाटते. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांना वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते हे औषध. हाड झिजवणाऱ्या पेशींना ते आवर घालतं. ऑस्टिओसार्कोमा वाढताना आजूबाजूचं हाड कुरतडतो आणि त्यातून सुटणाऱ्या द्रव्यांवर पोसला जातो. तेव्हा कुरतडणं थांबवलं तर गाठ उपाशी पडेल, असा तर्क. प्रयोगशाळेतल्या पेशींत तो खरा ठरला. उंदरांत खरा ठरला. औषध स्वस्त, ओळखीचं, हाडात जाऊन बसणारं. यापेक्षा चांगला उमेदवार मिळणं अवघड होतं. फ्रान्सनं ओएस-२००६ ही देशव्यापी चाचणी उभी केली, ३१८ रुग्ण घेतले, अर्ध्यांच्या केमोला हे औषध जोडलं. मधल्या तपासणीतच दिसून आलं की फायदा होण्याची शक्यता उरलेली नाही, आणि भरती थांबवावी लागली. २०१६ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त ते प्रसिद्ध झालं. मला या चाचणीबद्दल मोठा आदर आहे. ती झाली नसती तर आज गावोगावचे डॉक्टर ‘देऊन पाहू, नुकसान तर नाही’ म्हणत हे सलाइन मुलांना लावत राहिले असते.

हाच तर्क शेजारच्या रोगात मात्र फळला. हाडाची जायंट सेल गाठ ही सहसा जीव घेत नाही, पण सांध्याजवळचं हाड पोखरून काढते. तिच्यातल्या मूळ पेशी रँक-लिगंड नावाचं प्रथिन ओततात आणि त्याच्या हुकमानं हाड झिजवणाऱ्या राक्षसी पेशी जमतात. डेनोसुमॅब हे नेमकं त्या प्रथिनाला पकडतं. ठिसूळ हाडांसाठी अमेरिकेत ते २०१० साली बाजारात आलं आणि २०१३ साली या गाठीसाठी मान्य झालं. शस्त्रक्रिया अशक्य किंवा फार विद्रूप करणारी असेल अशा रुग्णांना त्यानं दिलासा दिला. पण औषध देऊन मग गाठ खरवडून काढली तर ती पुन्हा उगवण्याचं प्रमाण वाढतं की काय, असा प्रश्न शल्यविशारदांनी, त्यांत मुंबईतलेही आले, उपस्थित केला आहे. म्हणजे यशस्वी उसनवारीचाही हिशेब संपत नाही. ऑस्टिओसार्कोमात मात्र डेनोसुमॅबनं निराशाच केली. शेजार एकाच हाडाचा असला तरी दोन रोगांची यंत्रणा एक नसते.

या पुस्तकात कुत्र्यांवर एक प्रकरण का, असं काही वाचकांना वाटेल. ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा मोठ्या जातींच्या कुत्र्यांना हा रोग माणसांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात होतो. एकट्या अमेरिकेत दर वर्षी दहा हजारांहून अधिक कुत्र्यांना. मुद्दाम टोचलेला नाही, आपणहून झालेला, तसाच पायात उगवणारा आणि तसाच फुप्फुसात जाणारा. उंदरात खोट्या आशा लावणारं औषध इथं लवकर उघडं पडतं. सिरोलिमस त्याचं उदाहरण. ईस्टर बेटाच्या मातीतून निघालेलं हे द्रव्य माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेन्द्रनाथ सेहगल यांनी जिद्दीनं जपलं, १९९९ साली मूत्रपिंडरोपणात ते मान्य झालं, आणि ऑस्टिओसार्कोमाच्या पेशींतला वाढीचा एक मार्ग ते अडवतं म्हणून त्यावर बऱ्याच आशा होत्या. अमेरिकेत पाळीव कुत्र्यांच्या मालकांनी संमती दिली, ३२४ कुत्रे चाचणीत आले, निकाल २०२१ साली लागला: काही फरक नाही. एवढं उत्तर माणसांच्या मुलांवर मिळवायला अनेक देश आणि दहा वर्षं लागली असती.

लोसार्टनची गोष्ट अजून चालू आहे. आपल्या घराघरांत ही रक्तदाबाची गोळी असते. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी फुप्फुसातल्या गाठीकडं धावतात आणि तिला संरक्षण देतात. लोसार्टन त्यांची ही धाव अडवतं. फुप्फुसात रोग पसरलेल्या २८ कुत्र्यांना त्यांनी लोसार्टन आणि टोसेरॅनिब हे कुत्र्यांसाठीचं कर्करोगाचं औषध एकत्र दिलं. निम्म्या कुत्र्यांत गाठी आकसल्या किंवा निदान वाढायच्या थांबल्या. यासाठी रक्तदाबाच्या नेहमीच्या मात्रेपेक्षा बरीच मोठी मात्रा लागली, हे त्याच निबंधात आहे आणि बातम्यांतून नेमकं तेच गळतं. माणसांत लोसार्टनला सुनिटिनिब या तशाच औषधाची जोड देऊन पहिल्या टप्प्याची चाचणी घेण्यात आली. पहिला टप्पा म्हणजे मात्रा झेपते का, एवढंच. रोग बरा होतो का, हा प्रश्न त्याच्या पुढचा.

दुसऱ्या कर्करोगांकडून आलेल्या गोळ्यांनी थोडं अधिक ठोस दिलं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठीचं रेगोराफेनिब फ्रान्समधल्या रेगोबोन चाचणीत उलटलेल्या ऑस्टिओसार्कोमाच्या रुग्णांना दिलं गेलं. आठ आठवड्यांनी औषध घेणाऱ्या २६ पैकी १७ जणांचा रोग वाढला नव्हता. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या १२ पैकी एकाचाही असा थांबला नव्हता. हा काही महिन्यांचा अवधी आहे, बरं होणं नव्हे. तरी इतक्या वर्षांच्या कोरड्या काळानंतर त्याची नोंद घ्यायलाच हवी.

उमेदवार निवडायची पद्धतही बदलली आहे. पूर्वी एखाद्या डॉक्टरचं निरीक्षण लागायचं, किंवा दैव. थॅलिडोमाइडनं १९६१ पर्यंत हजारो बाळांचे हातपाय हिरावले होते. ते बाजारातून हटल्यावर जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी कुष्ठरोग्याला झोप लागावी म्हणून दिलं आणि अंगावरच्या वेदनामय गाठी विरल्या. पुढं १९९९ साली अस्थिमज्जेच्या कर्करोगात, मायलोमात, त्याचा उपयोग सीमा सिंघल आणि सहकाऱ्यांनी दाखवला. आज बोस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी ४,५१८ औषधं ५७८ प्रकारच्या कर्करोगपेशींवर एकाच झपाट्यात तपासून होतात; २०२० साली छापलेल्या त्या कामात कर्करोगाशी संबंध नसलेली कितीतरी औषधं पेशी मारताना दिसली. पण ताटलीतल्या पेशी म्हणजे रोगी नव्हे. जगभर वापरली जाणारी यू-टू-ओएस ही पेशीमालिका १९६४ साली स्वीडनमध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या नडगीतून घेतली होती. साठ वर्षं ती प्लॅस्टिकवर वाढते आहे, तिच्याभोवती हाड नाही, रक्त नाही, प्रतिकारशक्ती नाही. आणि ताटलीत औषध हवं तेवढं ओतता येतं. करोनाच्या साथीत आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाचं असंच झालं: प्रयोगशाळेत विषाणू मारायला लागलेली तीव्रता नेहमीच्या मात्रेत रक्तात पोचणाऱ्या औषधाच्या कितीतरी पट होती. तरी लोकांनी गोळ्या घेतल्या.

आता तेच कर्करोगात चालू आहे. जंताच्या गोळीनं गाठ विरघळली, मधुमेहाच्या गोळीनं चौथ्या स्टेजचा माणूस उठून बसला, असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरतात. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत कर्करोगानं मरणारे कमी, असं जुन्या नोंदींवरून खरोखर वाटत होतं. मग ३,६४९ स्तनकर्करोगाच्या रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि २०२२ साली कळलं की मधुमेह नसलेल्या रुग्णांना त्याचा उपयोग होत नाही. नोंदींतला फरक बहुधा औषधाचा नव्हता. जास्त जगले म्हणून ज्यांना गोळी जास्त काळ मिळाली, त्यांची गणतीच चुकली होती. हाडाच्या कर्करोगात धोका आणखी जवळचा आहे. मेथोट्रेक्सेटची ती हजारपट मात्रा चालू असताना कुणी आपल्या मनानं आम्लपित्ताची ओमेप्राझोलसारखी गोळी, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतलं, तर मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडायला वेळ लागतो आणि मूत्रपिंडं, तोंड, अस्थिमज्जा यांना इजा होते. ‘शक्तीसाठी’ म्हणून दिलेल्या फॉलिक ॲसिडनं औषधाचं कामच बोथट होऊ शकतं. या गोळ्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतात.

आता पैशाचं बोलू. पेटंट संपलेल्या औषधाचा नवा उपयोग सिद्ध करायला कोट्यवधींची चाचणी लागते, आणि सिद्ध झाला की फायदा त्याच्या सगळ्या उत्पादकांना सारखाच. मग खर्च कोण करेल? बेल्जियमच्या अँटिकॅन्सर फंडानं एका अमेरिकी संस्थेच्या साथीनं २०१४ साली रीडू नावाचा प्रकल्प सुरू केला. जुन्या औषधांबद्दलचा विखुरलेला पुरावा गोळा करून छापणं हे त्याचं काम. त्यामागचे पॅन पँत्झियार्का यांच्या मुलाला वंशागत टीपी-५३ बिघाड होता आणि तो २०११ साली ऑस्टिओसार्कोमानं गेला. इंग्लंडच्या एनएचएस या सार्वजनिक आरोग्यसेवेनं औषधांच्या पुनर्वापराचा सरकारी कार्यक्रमच काढला, आणि २०२३ साली अनास्ट्रोझोलला स्तनकर्करोग टाळण्यासाठी रीतसर परवाना मिळवून दिला. आपल्याकडचा कायदा अधिक स्पष्ट आहे: पेटंट कायद्याचं कलम ३ (घ) सांगतं की माहीत असलेल्या द्रव्याचा केवळ नवा उपयोग शोधला म्हणून पेटंट मिळणार नाही. याच कलमानं आपली औषधं स्वस्त ठेवली, त्यावर कोणी टीका करावी असं मला वाटत नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की भारतात उसनवारीच्या चाचणीत खाजगी कंपनीला काडीचा रस असणार नाही, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणं नव्या उपयोगासाठी जुनं औषधही ‘नवं’च मानलं जातं. त्याचा खर्च सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवा.

तो आपल्याला झेपत नाही, असं म्हणायला जागा नाही. परळच्या टाटा मेमोरियलनं पुढाकार घेऊन देशातल्या ११ केंद्रांत १,५८३ स्त्रियांवर चाचणी केली: स्तनाची गाठ काढण्याआधी सात-दहा मिनिटं तिच्याभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना टोचतात ते बधिरीकरणाचं औषध, टोचायचं. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ वर गेलं, तेही शंभर रुपयांच्या आतल्या औषधानं. २०२३ साली ते प्रसिद्ध झालं. डोक्या-मानेच्या कर्करोगात त्याच संस्थेनं आठवड्याला थोडं मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी सलाइनमधून द्यायच्या महागड्या केमोसमोर उभी केली आणि ४२२ रुग्णांवर २०२० साली दाखवून दिलं की गोळ्या सरस आहेत. ऑस्टिओसार्कोमासाठी टाटानं ओजीएस-१२ ही पद्धत बसवली, तिच्यात मोठ्या मात्रेचं मेथोट्रेक्सेट मुद्दाम वगळलं, कारण रक्तपातळी मोजायची सोय आणि खर्च दोन्ही देशातल्या बहुतेक रुग्णालयांना परवडणारे नाहीत. आणि दिल्लीच्या एम्सनं उलटलेल्या कर्करोगाच्या १०८ मुलांपैकी सुमारे निम्म्यांना थॅलिडोमाइड, सेलेकॉक्सिब आणि दोन केमोगोळ्यांची जोडी देऊन २०१७ साली प्रामाणिकपणे छापलं की एकंदरीत निष्क्रिय गोळीपेक्षा ती वरचढ ठरली नाही. हे शेवटचं मला पहिल्याइतकंच मोलाचं वाटतं.

म्हणजे माणसं आहेत, रुग्ण आहेत, २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडसारखं कर्करोग केंद्रांचं जाळंही आहे. ऑस्टिओसार्कोमासाठी जुन्या औषधांची देशव्यापी, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी मात्र या जाळ्यावर अजून उभी राहायची आहे. तशी ती राहावी, आणि तिचा निकाल ‘नाही’ आला तरी तितक्याच ठळकपणे छापला जावा, एवढ्यासाठी हे पुस्तक धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर पडावं असं मला वाटतं.

आणि ज्यांच्या घरी हे दुखणं आलं आहे त्यांना एवढंच. मुलाचं गुडघ्याजवळचं किंवा खांद्याजवळचं दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, सूज दोन-तीन आठवड्यांत उतरत नसेल, तर मालीश थांबवा आणि एक्स-रे काढा. गाठ दिसली तर बायोप्सी जिथं शस्त्रक्रिया होणार त्याच केंद्रात करून घ्या. चुकीच्या जागी घातलेल्या सुईमुळं वाचू शकणारा पाय जाऊ शकतो. कुणी जुन्या गोळीचा चमत्कार सांगितला तर विचारा: ही किती रुग्णांवर, कोणत्या मात्रेत आणि कशाशी तुलना करून पाहिली? उत्तर नसेल तर ती गोळी घेऊ नका, आणि घरात आधीपासून घेत असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण केमो देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. उत्तर असेल, तर आपल्याजवळ अशी चाचणी कुठं चालू आहे ते त्यांनाच विचारा आणि जमलं तर तिच्यात नाव घाला.